उंटावरून शेळ्या

(मदतनिधीसाठी भरवलेल्या बुद्धिबळ स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मुलांसमोर आणि पालकांसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे; फक्त खोकला आणि माइकची खरखर वगळली आहे.)



उद्याच्या स्पर्धेची सगळी प्रवेशफी मदतनिधीत जाणार आहे. त्यामुळे पहिल्याच फेरीत हरलात तरी पैसे वाया गेले असं कुणी म्हणायचं नाही.

कार्यकारिणीनं मला "बुद्धिबळावर वीस मिनिटं बोल" असं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. मी ग्रँडमास्टर नाही, प्रशिक्षक नाही, साधं रेटिंगसुद्धा सांगण्यासारखं नाही. दिवसभर स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारा सॉफ्टवेअरवाला माणूस. दर शुक्रवारी संध्याकाळी इथे मदिनत सुलतान काबूसमध्ये आमच्या घरी आठ-दहा मुलं जमतात. जेवणाच्या टेबलावर दोन पट, बाकीचे खाली सतरंजीवर. एवढीच माझी पात्रता. म्हणजे हे भाषण तसं उंटावरून शेळ्या हाकण्यातलंच. पण आजचा विषयच उंट आहे, तेव्हा चालवून घ्या.

उंटावरून आठवलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर एक ओमानी सहकारी खेळतो. एकदा मी सहज बोलून गेलो की आमच्या भाषेत या तिरक्या चालणाऱ्या मोहऱ्याला उंट म्हणतात. तो हसत सुटला. अरबीत त्याला म्हणतात फील, म्हणजे हत्ती! आणि आपण ज्याला हत्ती म्हणतो तो त्यांचा किल्ला. म्हणाला, "उंट आमच्याकडे, आणि पटावर मात्र तुमच्याकडे?" मी घरी येऊन थोडं वाचलं. जुन्या अरबी बुद्धिबळात हा फील तिरका, पण बरोब्बर दोन घरं उडी मारून जायचा. त्यामुळे पटावरच्या चौसष्ट घरांपैकी फक्त आठ घरं त्याच्या वाट्याला यायची. लांबवर तिरकं धावणं त्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळालं. तेव्हापासून त्याला बत्तीस घरं मिळाली. पण उरलेल्या बत्तीस घरांवर तो जन्मात पाय ठेवू शकत नाही. पांढऱ्या घरातला उंट पांढऱ्यातच राहणार, काळ्यातला काळ्यातच. हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. मलाही होतं. त्याचा अर्थ मात्र मला बराच उशिरा कळला, आणि त्याची किंमत एका दहा वर्षांच्या मुलीनं भरली. आज सांगायचं आहे ते तेच.

ती आमच्या शुक्रवारच्या वर्गात यायची. हुशार, पण त्याहून जास्त हट्टी. मी तिला चार महिने ओपनिंग शिकवत होतो. इटालियन ओपनिंगच्या पंधरा-पंधरा खेळ्या तिला पाठ. पालक खूश, मीही खूश. ओपनिंग शिकवायला सोपी असते हो, पुस्तक उघडायचं आणि सांगत सुटायचं. मग गेल्या वर्षीची स्पर्धा आली. शेवटची फेरी, जिंकली तर चषक. आणि तिच्या वडिलांचं इथलं काम संपलेलं, म्हणजे तिची इथली ती शेवटचीच स्पर्धा.

डाव पुढे सरकला, मोहरे संपत गेले आणि शेवटी काय उरलं ते नीट ऐका. पटाच्या उभ्या ओळी डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा खालून १ ते ८. ती पांढऱ्याकडून. तिचा राजा ई५ वर, उंट ई२ वर, म्हणजे पांढऱ्या घरात. प्यादी जी४ आणि एच४ वर. समोरच्या मुलाकडे जी७ वर राजा आणि एच५ वर एकच प्यादं. बस्स. खेळी तिची. एक अख्खा उंट आणि एक प्यादं जास्त. बाजूला उभे असलेले पालक टाळ्या वाजवायच्या तयारीत.

तिनं जी४ च्या प्याद्यानं एच५ चं प्यादं घेतलं. फुकटचं होतं, कोण सोडेल? मी मागे उभा राहून मनात "शाबास" म्हणालो. हे मुद्दाम सांगतोय. आता समोर नुसता राजा, आणि तिच्याकडे उंट आणि दोन प्यादी.

आणि हा डाव बरोबरीत सुटला.

कारण तिची दोन्ही प्यादी आता एच ओळीत. त्यांना वजीर व्हायचं ते एच८ वर. एच८ हे घर काळं. तिचा उंट पांढऱ्या घरांतला. समोरचा मुलगा काही फार मोठा खेळाडू नव्हता, पण त्याला एक गोष्ट माहीत होती. राजा कोपऱ्यात नेऊन बसवायचा आणि एच८, जी८, परत एच८ अशा येरझाऱ्या घालायच्या. त्या कोपऱ्यातून त्याला हुसकायचं तर एच८ वर शह द्यायला हवा, आणि तिचा उंट ते घर कधीच गाठू शकत नाही. फार जवळ गेलं की स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण हलायलाही जागा नाही. तिनं तीस-चाळीस खेळ्या प्रयत्न केला. मग समोरच्यानं नियम सांगितला, पंचांनी मान हलवली, आणि ती उठून सरळ बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसली.

काय करायला हवं होतं? घ्यायचंच नव्हतं. प्यादं जी५ वर सरकवायचं. मग एच५ चं काळं प्यादं समोरच्या एच४ मुळे जागच्या जागी अडकतं, आणि ई२ वरच्या उंटाचा रस्ता मोकळा होऊन त्याचा रोख थेट एच५ वर येतो. काळा राजा जी६ वर येऊन ते राखायला बघेल. मग उंटानं डी३ वरून शह द्यायचा, राजा मागे हटला की आपला राजा एफ५ वर, आणि उंट परत ई२ वर. आता काळ्या राजाला जी६ चं दार बंद. एच५ चं प्यादं पडतं, आणि आपल्याकडे जी ओळीतलं प्यादं शाबूत राहतं. जी८ हे घर पांढरं. आपल्या उंटाचं.

हा नियम दोन ओळींचा आहे. पटाच्या अगदी कडेच्या ओळीतलं प्यादं, म्हणजे ए किंवा एच, आणि उंट. तर प्याद्याचं शेवटचं घर उंटाच्या रंगाचं आहे का ते आधी बघायचं. नसेल, आणि समोरचा राजा त्या कोपऱ्यात पोचत असेल, तर बरोबरी. मी तिला पंधरा खेळ्यांची ओपनिंग दिली आणि या दोन ओळी दिल्या नाहीत. गाडीच्या काचेवर टकटक करून तिला हे सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "काका, मग आधी का नाही सांगितलं?"

याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्या रात्री मी सांगलीला बाबांना फोन केला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आमच्या सांगलीत बुद्धिबळ घराघरांत होतं. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे गावातल्या माणसाला घोड्याची चाल शिकवावी लागत नसे. बाबा तिथलेच. मी वालचंदला इंजिनीअरिंग करत असताना रात्री अकराला अभ्यास संपला की एक डाव, हा आमच्या घरचा रिवाज होता. बाबांना काचबिंदू आहे. आता त्यांना नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. पट एका नजरेत मावत नाही. त्यामुळे सहा-सात वर्षं त्यांनी पट काढलाच नव्हता, आणि आम्हीही तो विषय काढत नसू.

मी त्यांना त्या मुलीचा डाव सांगितला. तोंडीच. राजा इथे, उंट तिथे. बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "घ्यायला नको होतं रे. जी५ कर." पट न बघता! मग मलाच प्रश्न घातला. "आता मी सांगतो ते ऐक. तू पांढरा. तुझा राजा जी१, उंट ई६. माझा राजा एफ४, उंट डी६, प्यादी जी४ आणि एच४. खेळी तुझी. वाचव."

मी वाचवायला लागलो. उंट इकडे नेला, तिकडे नेला, तिकडून शह दिला. बाबा शांतपणे उत्तरं देत होते. दहा मिनिटांनी म्हणाले, "अरे, उंट कशाला एवढा जपतोस? देऊन टाक." उंटानं जी४ चं प्यादं खायचं. काळा राजा उंट घेणार. मग काळ्याकडे उरलं काय? काळ्या घरातला उंट आणि एच ओळीतलं प्यादं. ते प्यादं वजीर होणार एच१ वर, आणि एच१ आहे पांढरं. आपला राजा कोपऱ्यात. बरोबरी! त्या मुलीला ज्यानं बुडवलं त्याच नियमानं इथे मला वाचवलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी मुलं घरी गेली की इथल्या साडेसातला, म्हणजे सांगलीत नऊ वाजता, आमचा फोनवरचा डाव असतो. अख्खा डाव नाही. बत्तीस मोहरे बाबांच्या डोक्यात आता मावत नाहीत, पाच-सहा मावतात. म्हणून फक्त शेवट, आणि त्यातही उंटाचे शेवट, कारण तिरक्या ओळी बोलून सांगता येतात आणि दोघांनाही त्याच आवडतात. मला वाटतं शिकणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा चांगला सराव नाही. पुढे जे सांगतोय ते सगळं या फोनवर शिकलेलं आहे.

दोघांचेही उंट एकाच रंगाच्या घरातले असतील आणि एकाकडे एकच प्यादं जास्त असेल, तर काय? मुलं लगेच म्हणतात, "काका, ज्याच्याकडे प्यादं तो जिंकणार." थांबा. एकोणिसाव्या शतकात सेंतुरिनी नावाच्या इटालियन माणसानं हे शेवट तपासून ठेवलेत. बचाव करणारा राजा प्याद्याच्या समोर आला, आणि तो उभा आहे ते घर उंटांच्या रंगाचं नसलं, तर बरोबरी. उदाहरण घ्या. पांढरं प्यादं ई५ वर, काळा राजा ई७ वर, दोन्ही उंट पांढऱ्या घरांतले. ई७ काळं घर आहे. पांढऱ्याचा उंट त्या राजाला शह देऊच शकत नाही. राजानं तिथे तळ ठोकायचा आणि आपला उंट हलवत राहायचं, फक्त फुकट मरू द्यायचा नाही. दोन मुलांना समोरासमोर बसवा, दहा-दहा मिनिटं लावा आणि मग बाजू बदला. पांढऱ्याकडून जिंकता येत नाही म्हणून चिडलेला मुलगा काळ्याकडून बसला की पाच मिनिटांत नियम स्वतःच शोधतो. मी सांगून जे चार वेळा विसरले ते असं खेळून एकदाच लक्षात राहिलं.

उंट वेगवेगळ्या रंगांचे असतील तर गंमत आणखी वाढते. दोघं एकाच पटावर राहतात पण एकमेकांना आयुष्यात भेटत नाहीत, एकाच इमारतीतल्या दोन शिफ्टमधल्या माणसांसारखे. तिथे दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतो, कारण बचाव करणारा आपल्या रंगाच्या घरात अडसर घालून बसला की त्याला उठवणारं कुणी नसतं. हरत असाल तर मोहरे कापताकापता असे उंट उरतील असं बघा. जिंकत असाल तर टाळा, किंवा निदान दोन प्यादी एकमेकांपासून लांब ठेवा, म्हणजे एकट्या उंटाची धावपळ होईल.

आणि प्यादी कुठे ठेवायची? आपला उंट ज्या रंगात, त्याच्या उलट रंगात. क्यूबाचा कापाब्लांका, जो १९२१ ते १९२७ जगज्जेता होता, हे आवर्जून सांगायचा. स्वतःची प्यादी स्वतःच्या उंटाच्या रंगात अडकली की उंट म्हणजे नुसतं उंच प्यादं होऊन बसतो. मी वर्गात मुलांना डाव थांबवून विचारतो, "तुझा उंट कुठून कुठे जाऊ शकतो, बोटानं दाखव." बोट लगेच आपल्याच प्याद्यावर आपटतं आणि मूल स्वतःच "ओह" म्हणतं. कापाब्लांकाचं आणखी एक म्हणणं होतं की शिकणाऱ्यानं शेवट आधी शिकावा. पुस्तकाच्या दुकानात मात्र ओपनिंगची कपाटं भरलेली, आणि शेवटाची दोन पुस्तकं धूळ खात. आमच्या वर्गातही तेच होतं, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही.

आता मोठ्यांचं उदाहरण, नाहीतर पालक म्हणतील हे सगळं लहान मुलांचं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. गुकेश आणि डिंग लिरेन, दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. गुकेश काळ्याकडून. पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट, दोन्ही उंट पांढऱ्या घरांतले, आणि गुकेशकडे एक प्यादं जास्त. सगळे म्हणत होते की बरोबरी होणार आणि दुसऱ्या दिवशी टायब्रेक. इथे आपल्यातल्या कितीतरी जणांनी ऑफिसात दुसरी विंडो उघडून तो डाव बघितला, नाकबूल करू नका.

डिंगचा उंट ए८ वर होता. पटाच्या मध्यात उभ्या उंटापुढे चार रस्ते असतात, १३ घरं. कोपऱ्यात एकच रस्ता, ७ घरं. ५५व्या खेळीला डिंगनं हत्ती एफ२ वर आणून गुकेशच्या हत्तीसमोर धरला. हत्ती कापले गेले. आणि मग गुकेशनं उंट डी५ वर ठेवला. बघा आता, ए८ च्या उंटाचा जो एकुलता एक रस्ता, त्याच रस्त्यावर. बी७ वर जावं तरी समोरचा मारतो, सी६ वर जावं तरी मारतो, जागेवर राहावं तरी मारतो. उंट कापणं भाग. उंट कापले की उरली नुसती प्यादी आणि राजे, आणि त्यात काळा जिंकतो. ५८ खेळ्यांनंतर डिंगनं डाव सोडला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

उंट मध्यात कुठे असता तर तो बाजूला सरकला असता आणि डाव चालू राहिला असता. मला डिंगची चूक दाखवायची नाहीये. चौदा डाव खेळून, जगज्जेतेपद पणाला लागलेलं असताना, त्या खुर्चीत मी असतो तर मला माझं नाव आठवलं नसतं. पण हे शेवट इतके लहान, इतके रिकामे दिसतात की माणूस गाफील राहतो. २०१३ मध्ये जिनिव्हाला त्या वेळची महिला जगज्जेती अॅना उशेनिनाला उंट आणि घोडा घेऊन एकट्या राजावर मात करता आली नव्हती, पन्नास खेळ्यांचा नियम आडवा आला. ते वाचून आमच्या वर्गातल्या मुलांना भलताच आनंद झाला. उंट-घोड्याची मात मी सुरुवातीला शिकवतही नाही. त्याऐवजी दोन उंटांची मात रोज एकदा करून बघा. दोन उंट शेजारी-शेजारी ठेवले की तिरकं कुंपण तयार होतं, ते सरकवत राजाला कोपऱ्यात न्यायचं. अचूक खेळलं तर कुठूनही १९ खेळ्यांत होते. आमच्याकडचा विक्रम २३ चा आहे, आणि तो माझा नाही.

संगणकाबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो, शेवटी मी त्याच धंद्यातला. सात मोहऱ्यांपर्यंतचे सगळे शेवट संगणकानं पूर्ण सोडवून ठेवलेत. कुठलीही मांडणी द्या, जिंकली की बरोबरी, तो क्षणात सांगतो. याची सुरुवात करणाऱ्यांत एक होता केन थॉम्पसन. आमच्या धंद्यात त्याचं नाव कान पकडून घेतात, युनिक्सच्या दोन जनकांपैकी तो एक. १९८३ च्या सुमारास त्यानं संगणकाला दोन उंट विरुद्ध एक घोडा हा शेवट सोडवायला लावला. यात एका खास बचावानं बरोबरी होते असं १८५१ पासून पुस्तकं सांगत आली होती. संगणक म्हणाला, नाही, दोन उंट जिंकतात, फार तर ६६ खेळ्या लागतील. सव्वाशेहून जास्त वर्षं शहाणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तीच ओळ उतरवून घेत होती!

तरी मुलांच्या हातात संगणक मी सरावाच्या शेवटी देतो. आधी पटावर मांडा, दोन्ही बाजूंनी खेळा, खेळ्या वहीत लिहा, आणि जिथे अडलात तिथे खूण करा. मग संगणकाला फक्त ती खूण विचारा. उलटं केलं की मूल संगणकाचं उत्तर वाचतं, "हं, कळलं" म्हणतं आणि पुढच्या शुक्रवारी तीच चूक करतं. मी स्वतः हे दोन महिने करून पाहिलंय. बाबांनी पकडलं. मी एकदा फोनवर फारच पटापट बरोबर खेळ्या सांगायला लागलो, तर म्हणाले, "कोण बसलंय रे तुझ्या शेजारी?"

पालकांना एक विनंती. गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२५ साली, नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. त्याच्या आदल्या वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये आपल्या दोन्ही संघांना सुवर्ण मिळालं, पुरुषांच्या संघात नाशिकचा विदित गुजराथी, महिलांमध्ये दिव्या, आणि त्या संघाचे कप्तान पुण्याचे अभिजित कुंटे. साहजिकच आमच्या वर्गाची रांग एकदम वाढली. आनंद आहे. पण उद्या मूल जिंकत आलेला डाव बरोबरीत सोडून आलं, तर गाडीत बसल्याबसल्या "हातातला डाव घालवलास" असं म्हणू नका. काही मुलं याच जागी बुद्धिबळ सोडतात.  जिंकलेलं जिंकता आलं नाही, आणि का ते कुणी सांगितलं नाही, की पट कपाटावर जातो. त्यापेक्षा घरी जाऊन तेवढेच पाच मोहरे मांडा आणि म्हणा, "मी काळा, तू पांढरा, चल." तुम्हाला नीट खेळता येत नसलं तर उत्तमच. मुलाला शिकवायला कुणीतरी मिळेल.

आता कामाचं. मी आणि बाबांनी मिळून उंटाच्या शेवटांची बारा कार्डं केली आहेत. मांडण्या त्यांच्या, टायपिंग माझं. प्रत्येक कार्डावर एक पट, कुणाची खेळी ते, आणि मागे दोन ओळींत उत्तर. सोपी आधी, अवघड नंतर. रोज एक कार्ड, पंधरा मिनिटं, दोन्ही बाजूंनी. बारा दिवस झाले की पुन्हा पहिल्यापासून, पण या वेळी पट न मांडता, नुसतं ऐकून. एक संच एक रियालला, बाहेर नोंदणीच्या टेबलावर आहे, पूर्ण रक्कम मदतनिधीला. सुटे आणले असतील तर बरं.

आणि एक दुरुस्ती. सातव्या कार्डावर काळा राजा एफ५ वर छापला गेलाय. तो एफ४ वर हवा. एफ५ वर असेल तर त्याला ई६ च्या उंटाशेजारी उभं राहून आधीच शह बसलेला असतो आणि खेळी पांढऱ्याची, असं होऊच शकत नाही. मी तीन वेळा तपासलं होतं, बाबांना वाचून दाखवलं तेव्हा तोंडानं एफ४ च म्हणालो असणार. पहिला संच आम्ही पुण्याला त्या मुलीला पाठवला होता. चौथ्या दिवशी तिच्या आईच्या फोनवरून निरोप आला, "काका, सातवं कार्ड चुकलंय." पेनानं दुरुस्त करून घ्या.